मीठ दाराबाहेर का राहिले

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. पोळी उलटायचा नव्हे आणि गोसाव्याच्या हातातलाही नव्हे. माझी लांबी लहान मुलाच्या पंजाएवढी. माझे दोन्ही पाय खाली निमुळते होत जातात आणि शेवटी इतके बारीक होतात की माझे टोक नेमके कुठे संपते ते साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. मी आयुष्यभर ज्या दारांशी काम केले, ती दारे तर टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. त्या दारांपाशी एकदा मोठा घोळ झाला होता. त्याची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावात झाला. तिथे घड्याळे बनतात. एका म्हाताऱ्या कारागिराने मला दगडावर घासले, भिंगातून पाहिले, मान हलवली आणि पुन्हा घासले. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. त्याचे समाधान झाले तेव्हा त्याने माझ्या टोकांवर रबराची छोटी टोपी चढवली आणि मला माझ्या जोडीदाराशेजारी डबीत ठेवले. आपण आता घड्याळांची चाके उचलणार, असे आम्हा दोघांना वाटत होते. पण आमच्या नशिबी घड्याळे नव्हती, अंडी होती.

डबी उघडली ती थेट मेक्सिको शहरात, दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. उघडणाऱ्या बाईंचे नाव एर्मिनिया ओल्वेरा. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणत. त्यांच्याकडे काचेच्या टाक्यांमध्ये आहोलोते होते. आहोलोते हा शहराच्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांतला, पाण्यात राहणारा सरड्यासारखा प्राणी. त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तुरे असतात आणि तोंडावर कायम हसू असते, मग तो खूश असो वा नसो. त्याच्या मादीचे अंडे बाजरीच्या दाण्याएवढे. ते दाण्याएवढे असले तरी एकच पेशी असते, आणि तिच्या आत खसखशीहूनही लहान, काचेसारखा पारदर्शक गोळा असतो. तो म्हणजे पेशीचे केंद्रक. आमचे काम त्याला इजा न करता बाहेर काढायचे. मी अंड्याची त्वचा एका बाजूने धरायची, जोडीदाराने दुसऱ्या बाजूने, आणि डॉक्टरबाईंनी श्वास रोखून आम्हाला हळूच दूर ओढायचे. अंडे उघडे आणि तो गोळा अलगद वर तरंगत येई.

काम सुरू करण्याआधी डॉक्टरबाई मला तळहातात घेऊन मूठ मिटत आणि थोडा वेळ बसून राहत. काहींना वाटे, त्या प्रार्थना करतात. तसे काही नव्हते. कोणी विचारलेच तर त्या म्हणत, दुसऱ्याच्या घरी थंड हातांनी जाऊ नये.

आता त्या दारांविषयी सांगतो. केंद्रकाभोवती भिंत असते आणि त्या भिंतीला असंख्य छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एक दार. आत पेशीचा सगळा कारभार चालतो. तिथून निरोप बाहेर जातात आणि बाहेर तयार झालेली प्रथिने कामासाठी आत येतात. मग दारातून कोणी जायचे आणि कोणी नाही? पाणी, साखर आणि मिठाचे कण यांना कोणी अडवत नाही. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विजेचा भार असलेले कण सुटे होतात, त्यांना आयन म्हणतात. आयन इतके छोटे असतात की ते दारातून सहज ये-जा करतात. मोठ्या रेणूंचे मात्र तसे नाही. छिद्राच्या मध्यभागी प्रथिनांचे वळवळते धागे असतात. दाराला लावलेला मण्यांचा पडदा तुम्ही पाहिला असेल, तसे. डास त्यातून बिनबोभाट जातो, पण पाटी घेतलेला माणूस अडखळतो. मोठ्या रेणूला आत जायचे असेल तर त्याच्यासोबत एक वाहक लागतो. वाहक हेही एक प्रथिन असते. त्याला त्या धाग्यांतून वाट काढायची युक्ती ठाऊक असते. तो रेणूला घेऊन जातो, आत सोडतो आणि परत येतो. या ये-जा करण्याला ऊब लागते आणि ऊर्जाही लागते.

मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड यातूनच झाली.

आयन खरोखर जातात की नाही हे पाहायची रीत अशी होती. केसाहून बारीक काचेच्या नळीत खारे पाणी भरायचे, तिचे तोंड केंद्रकाच्या भिंतीला टेकवायचे आणि अगदी थोडी वीज सोडायची. आयन दारांतून वाहू लागले की वीज वाहते. डॉक्टरबाईंनी त्या यंत्राला एका जुन्या रेडिओचा भोंगा जोडला होता. आयन वाहिले की भोंगा सूर धरी. जितके जास्त आयन, तितका सूर चढा. कोणीच जात नसेल तर भोंगा गप्प. मला डोळे नाहीत, पण त्या भोंग्यामुळे मी सगळे ऐकत आलो.

ती वर्षे चांगली गेली. मग एके दिवशी माझा जोडीदार टेबलावरून घरंगळला आणि फरशीवर टोकावर पडला. त्याचे टोक आकड्यासारखे वळले. आमच्या जातीला फरशी म्हणजे मरण. डॉक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्याला घरी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, हा आता माझ्यासारखाच, कामाचा नाही पण टाकवतही नाही. माझ्या जोडीला नवा चिमटा आला. तो कामाला चोख होता, पण आमचे फारसे जमले नाही.

डॉक्टरबाईंच्या जागी डॉक्टर फिदेन्सिओ बार्रागान आले. माणूस मनाने चांगला. शुक्रवारी सगळ्यांसाठी गोड पाव आणायचे आणि स्वतःच्या हाताने वाटायचे. ते उत्तरेकडच्या शेजारी देशात प्रथिनांचे काम शिकून आले होते. प्रथिने उबेत खराब होतात, म्हणून तिथे सगळे बर्फावर ठेवतात. त्यांनी येताच तोच नियम इथे लावला. प्रयोगशाळेच्या आतल्या कोपऱ्यात कपाटाएवढे बर्फाचे यंत्र आले. आता अंडी बर्फात, बशी बर्फात, बशीखालचे तबक बर्फात आणि मीही बर्फात. मला त्याचे वावडे नव्हते. मी पोलादाचा, बर्फाच्या गावात जन्मलेला. पण आहोलोतेने जन्मात कधी बर्फ पाहिला नव्हता. त्याच्या कालव्यात पाणी गार असते, गोठत मात्र नाही. हे कोणाच्या मनात आले नाही, कारण ज्याने त्याने शिकताना पहिल्याच दिवशी ऐकलेले असते की शंका आली तर बर्फात ठेवा.

मग रोसेंदा क्वामात्सी आली. ती त्लास्काला राज्यातल्या कोंत्ला गावची, विणकरांच्या घरातली. तिच्या बोटांत मी पहिल्यांदा गेलो तेव्हाच मला कळले की या हाताला धागा ठाऊक आहे. ती ओढत नसे, सैल सोडत जाई. तिने फोडलेल्या अंड्यांतली केंद्रके क्वचितच फाटली. दुसऱ्यांची केंद्रके धुऊन स्वच्छ खाऱ्या पाण्यात येत. रोसेंदा मात्र अंड्याचा थोडा रस त्यांच्याभोवती तसाच राहू देई. घरातून बाहेर काढलेच आहे तर निदान घरचे पाणी तरी असू दे, असे ती म्हणे.

तिला दिलेले काम सोपे दिसत होते. आयनांसाठी ही दारे किती रुंद आहेत ते मोजायचे. उघडी आहेत की बंद, हा प्रश्नच नव्हता. डॉक्टर बार्रागान यांच्या मते ती आयनांसाठी कायम उघडी. पण रोसेंदाने नळी टेकवली आणि भोंगा गप्प राहिला. दुसऱ्या अंड्यालाही गप्प. महिनाभर गप्प. ती नळी बदले, खारे पाणी नवे करी, तारा पुसे. कधीमधी एखादा बारीक सूर येई आणि विरून जाई. बहुतेक वेळा काही नाहीच.

शेजारच्या टेबलावर वेन्सेस्लाओ बसे. त्याचे काम वेगळे होते आणि जीभ मोकळी होती. सकाळी ती बर्फाची बादली घेऊन आली की तो विचारी, “काय बर्फवाली, आज काय भाव?” ती म्हणे, तुला फुकट, डोक्यावर ठेव. दोघांची मैत्री अशीच होती.

दोन वर्षे अशी गेली. रोसेंदाच्या मनात हळूहळू एक गोष्ट पक्की होऊ लागली, की ही दारे आयनांसाठीसुद्धा बंद होत असतात. तिने ते डॉक्टरांना सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग भोंग्यावर बोटाने टिचकी मारून म्हणाले, “रोसेंदा, दार मुकं नाहीये. तुझी काच बुजली आहे.”

ती म्हणाली, काचेची नळी ती रोज तापवून नवी ओढते. ते म्हणाले, मग रोज नवी काच बुजते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी तिला स्पष्ट सांगितले की मुक्या भोंग्यावरच्या प्रबंधावर ते सही करू शकणार नाहीत. ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या सुट्टीआधी भोंगा नीट वाजला तर ठीक, नाहीतर दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात. पण रोसेंदाची शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपत होती. दुसरा विषय म्हणजे कोंत्लाला परत, वडिलांच्या मागाशेजारी. विणायला तिची ना नव्हती. उत्तर अर्धवट टाकून जायला ना होती.

सुट्टी तोंडावर आली आणि एका सकाळी बर्फाचे यंत्र घरघरून थांबले. वीजतंत्री येऊन पाहून गेला आणि मोटार जळाली म्हणाला. रोसेंदा मादीची अंडी आदल्या दिवशीच काढून बसली होती. अंडी वाट पाहत नाहीत, दोन दिवसांत ती जातात. ती दुपारपर्यंत थांबली. इमारतीत दुसरीकडे बर्फ मिळाला नाही. शेवटी तिने हात पुसले आणि मला कोरड्या तबकातून उचलले. मी खोलीइतकाच उबदार होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

अंडे उघडले. गोळा तरंगत आला. तिने नळी टेकवली.

भोंगा वाजला.

सूर भरलेला आणि स्थिर होता. डॉक्टरबाईंच्या काळानंतर मी तो ऐकलाच नव्हता. रोसेंदाने नळी काढली, मोडून टाकली, नवी बसवली. भोंगा वाजला. दुसरे अंडे घेतले. वाजला. तिसऱ्यालाही वाजला. वेन्सेस्लाओ खुर्ची सरकवत आला आणि तिच्या खांद्यामागे उभा राहिला. तिचे अभिनंदन करायला तो पाव आणतो म्हणाला. तिने हातानेच नको म्हटले.

त्याला कळेना. डॉक्टरांना हवे होते तेच तर झाले होते. त्याने तिला समजावले की आता दोन-तीन दिवस असेच मोजत राहायचे, हे आकडे द्यायचे, मागची दोन वर्षे काच बुजली होती म्हणायचे, सही घ्यायची आणि मोकळे व्हायचे. डॉक्टर स्वतःच तसे म्हणत आहेत, मग यात खोटे काय?

रोसेंदाने माझे टोक पुसले. मग म्हणाली, “वेन्सेस, आज वाजतंय ते खरं, तर मग दोन वर्षं गप्प होतं ते कोण?”

“काच, बाई. काच.”

“आजची काचही मीच ओढली. त्याच नळकांड्यातली आहे.”

तो म्हणाला, ही गोष्ट तिला ठाऊक, त्याला ठाऊक आणि या चिमट्याला ठाऊक. चिमटा काही बोलत नाही. माझ्याकडे बोट दाखवून तो हसला. ती हसली नाही. त्या दिवशी ती लवकर घरी गेली. जाताना तिने माझ्या टोकांवर टोपी नीट चढवली, पण दिवा मालवायला विसरली. असे ती कधी करत नसे.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तरी काय सांगणार होतो? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. शांतताही खरी होती, सूरही खरा होता. त्यांचे एकमेकांशी नाते काय, ते मलाही माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी जळालेले यंत्र न्यायला गाउदेन्सिओ उस्ताद आणि त्यांचा मेहुणा आले. यंत्र कपाटाएवढे, दार एकच. त्यांनी दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या सताड उघडल्या, यंत्र तिरके केले आणि ढकलले. निम्मे बाहेर गेल्यावर त्याचा पाय कुठेतरी अडकला. ते पुढे जाईना, मागे येईना. दोघांनी जोर लावला, शिव्या दिल्या, पुन्हा जोर लावला. मग दोघांचीही ताकद संपली आणि जेवणाची वेळ झाली. उस्ताद आत राहिले होते, मेहुणा बाहेर. उस्ताद रोसेंदाच्या स्टुलावर माझ्याशेजारी बसले आणि त्यांनी पिशवीतून तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणि उकडलेली अंडी काढली. कोंबडीची. मग त्यांच्या लक्षात आले.

“अरे, मीठ तुझ्याकडे आहे. दे इकडे.”

“कुठून देऊ?” मेहुणा बाहेरून म्हणाला.

“फटीतून सरकव.”

“फट कुठाय? तुम्हीच एवढं घट्ट बसवलंय, पुडी काय, बोटसुद्धा जात नाही.”

“मग काय अंडं आळणी खाऊ?”

“खा की. माझी बहीण रोज आळणीच वाढते, सवय असेल तुम्हाला.”

बाहेर कोणीतरी हसले. ती रोसेंदा होती. ती नुकतीच जिना चढून आली होती आणि मेहुण्याच्या मागे उभी होती. तिला आत येता येईना. अंगाने ती काडीसारखी, पण तिलाही वाट नव्हती. ती मोठ्याने हसली आणि हसता हसता एकदम थांबली. यंत्राच्या पलीकडे मला काही दिसत नव्हते, मला कधीच काही दिसत नाही, पण ते थांबणे मी ऐकले. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

“उस्ताद, एक विचारू? हे दार उघडं आहे की बंद?”

उस्तादांना वाटले, बाई थट्टा करतात. ते घास गिळून म्हणाले, “दार? दार सताड उघडं आहे, बाई. मीच कडी काढली. उघडं होतं म्हणून तर यंत्र त्यात अडकलं. बंद असतं तर अख्खं आतच राहिलं असतं.”

“आणि म्हणून मीठ येत नाही.”

“तेच तर मघापासून बोंबलतोय.”

रोसेंदा जिना उतरून धावत गेली. मेहुणा म्हणाला, बाई मीठ आणायला गेल्या की काय. पण ती फाटकाबाहेर किकाबाईंच्या गाडीपाशी गेली होती. किकाबाई बर्फाचे गोळे विकत. चिंचेचा गोळा त्यांची खासियत. रोसेंदाने त्यांच्याकडून अर्धी लादी बर्फ मागून आणली. ती परतली तेव्हा उस्तादांचे जेवण झाले होते, अंगात ताकद आली होती आणि यंत्र दाराबाहेर गेले होते. मेहुणा मिठाची पुडी घेऊन आत आला तेव्हा अंडी संपली होती.

वेन्सेस्लाओने लादी पाहिली आणि विचारले, चिंचेचे पाणी घालून दिले नाही का. रोसेंदाने सांगितले की डॉक्टरांना बोलाव.

डॉक्टर आले. तिने त्यांना सगळे सरळ सांगितले. काल बर्फ नव्हता आणि भोंगा वाजला. दोन वर्षे बर्फ होता आणि तो गप्प राहिला. काच तीच. डॉक्टर खुर्चीवर बसले. तिला यातले काही लपवता आले असते हे त्यांच्याही लक्षात आले असावे, कारण त्यांनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिल्याचे वेन्सेस्लाओ पुढे अनेकदा सांगे. मग ते विचार करून म्हणाले की थंडीने दार आकसत असेल. तसे असेल तर रोसेंदाचेही थोडे बरोबर आणि त्यांचेही थोडे.

रोसेंदा म्हणाली, “दार आकसत नाही, डॉक्टर. दारात सामान अडकतं. थंडीत वाहकांची ताकद जाते. ते मोठे रेणू घेऊन दारापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. दार उघडंच आहे. पण मिठाला वाट नाही.”

डॉक्टर म्हणाले, असे म्हणायला सोपे आहे. दाखवणार कसे? रोसेंदा म्हणाली, दार रिकामे करून बर्फात ठेवू. थंडीनेच ते बंद होत असेल तर भोंगा गप्प राहील. गर्दीमुळे होत असेल तर बर्फातही वाजेल.

मित्रांनो, त्या दुपारी तिने मला पुन्हा उचलले. तिने अंडे उघडले. केंद्रक खोलीच्या उबेत राहू दिले, म्हणजे दारात जे होते ते आत-बाहेर निघून गेले. मग तिने भोवतीचा रस हळूहळू काढून घेतला आणि त्याजागी साधे खारे पाणी घातले. त्यात मोठे रेणू नव्हते, वाहकही नव्हते. मग किकाबाईंचा बर्फ बशीखाली ठेवला आणि सगळे चांगले गार होऊ दिले. तिने नळी टेकवली.

भोंगा वाजला. सूर कालच्यापेक्षा थोडा खाली होता, कारण थंडीत आयनही सावकाश चालतात. पण तो भरलेला होता आणि थांबत नव्हता.

डॉक्टर काही म्हणणार होते, तेवढ्यात तिने हात वर केला. बाजूला ठेवलेल्या गार रसाचा एक थेंब तिने बशीत सोडला. सूर तसाच राहिला. मग तो खाली येऊ लागला. एखादे मूल बोलता बोलता झोपी जावे तसा तो बारीक झाला आणि मग ऐकू येईनासा झाला. तिने बशीखालचा बर्फ काढला. पुष्कळ वेळ गेला. बशीची थंडी ओसरली, ती खोलीइतकी उबदार झाली, आणि खूप खालून तोच सूर पुन्हा चढत आला.

डॉक्टरांनी सांगितले, नव्या अंड्यावर पुन्हा करून दाखव. तिने केले. मग आणखी एकावर. तिन्ही वेळा तेच झाले. तेव्हा ते उठले, भोंग्यापाशी गेले आणि त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले.

“म्हणजे दोन वर्षं,” ते म्हणाले, “आपण दारात सामान कोंबत होतो आणि मिठाला विचारत होतो, तू येत का नाहीस. आणि बर्फ माझा होता.”

रोसेंदा म्हणाली, त्या बर्फाशिवाय दारात गर्दी होते हे कळलेच नसते. हे ती त्यांची समजूत काढायला म्हणाली की खरेच, ते मला सांगता येणार नाही. पण ते खरे होते.

सुट्टीआधी सही झाली. प्रबंधाच्या परीक्षेला कोंत्लाहून तिचे आई-वडील आले. आईने मोलेचे, म्हणजे मिरची-मसाल्याच्या दाट रश्शाचे, भांडे मांडीवर धरून बसमधून आणले होते. वडिलांनी मला हातात घेऊन पाहिले. माझी टोके एकमेकांना कशी टेकतात ते त्यांनी बोटावर तपासले आणि टोपी चढवून मला जपून ठेवले. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे कौतुक ते.

त्यानंतर रोसेंदा पुएब्ला शहरात शिकवायला गेली. मी विद्यापीठाचा होतो, म्हणून मी तिथेच राहिलो. प्रयोगशाळेचे दिवसही बदलले. अंडी फोडायचे काम कमी झाले, नवी यंत्रे आली. माझी टोपी हरवली. मला कोणी छपाईच्या यंत्रात अडकलेला कागद ओढायला वापरले, कोणी पिना उपटायला. एकदा एकाच्या बोटात नोपालच्या निवडुंगाचा काटा गेला, तोही मीच काढला. त्या कामाचे मला वाईट वाटले नाही, काटा काढणे हे चांगलेच काम आहे. पण त्यानंतर मला पुसून न ठेवता खणात टाकले गेले. माझे एक टोक दुसऱ्यावर चढले. सांध्यापाशी गंजाचा ठिपका उठला. खणात माझ्यावर फूटपट्टी होती, तिच्यावर सुकलेली पेने. कोणी खण उघडला की मी वाट पाही. हात येई, पेन घेई आणि खण बंद होई.

डॉक्टर बार्रागान निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळे खण रिकामे करायला घेतले. माझ्यावरची फूटपट्टी बाजूला झाली आणि एका हाताने मला उचलले. मी तो हात ओळखला. तो ओढत नव्हता. रोसेंदाने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि बराच वेळ पाहिले. मग तिने बारीक दगड काढला, तेलाचा थेंब टाकला आणि मला घासू लागली. थोडे घासायचे, पाहायचे, पुन्हा घासायचे. मला त्या डोंगरातल्या म्हाताऱ्याची आठवण झाली. माझी लांबी थोडी कमी झाली आहे, पण टोके पुन्हा जुळतात.

आता मी पाखिता नावाच्या मुलीकडे काम शिकवायला आहे. म्हणजे ती शिकते आणि मी तिच्या हातात असतो. पहिल्या दिवशी तिने माझ्यासाठी बर्फाचे तबक आणले. रोसेंदाने ते बाजूला सारले नाही. तिने मला पाखिताच्या तळहातावर ठेवले, तिची मूठ मिटली आणि सांगितले, दोन बशा कर. एक बर्फावर, एक बर्फाशिवाय. आणि कुठली गप्प राहिली तर काचेला दोष देण्याआधी दारात कोण आहे ते विचार.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला फार काही मागायचे नसते. एखादे दार बंद दिसले तर लगेच कडीकुलूप शोधू नका. ते उघडेही असेल, आणि कोणीतरी थकून त्यात थांबले असेल. त्याला थोडी ऊब द्या, मीठ आपोआप पोचेल. आणि माझे काम झाले की मला पुसा आणि ती रबराची टोपी तेवढी माझ्या टोकांवर चढवा. फरशी कायम खालीच असते.